प्रॉक्समॉक्स ९ आणि सांबा : नाशिकच्या मध्यम कारखान्याला कितपत झेपतं?

सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर. इथल्या पन्नास ते दोनशे संगणकांच्या कारखान्यांत सर्व्हर-रूमचं चित्र बहुतेक ठिकाणी एकसारखं असतं. तीन रॅक सर्व्हर आणि त्यांवर पंधरा-वीस व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) : एकात टॅली, एकात ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर), एकात ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर. ऑफिसात विंडोज, डिझाइन विभागात लिनक्स वर्कस्टेशन, मालकांच्या केबिनमध्ये मॅक, आणि शॉप फ्लोअरवर सीएनसी मशीनशेजारी विंडोज एक्सपीचा जुना पीसी, ज्याला कोणी हात लावत नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ताब्यात घेतली आणि लगेच कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. तेव्हापासून अशा ठिकाणी प्रॉक्समॉक्सचं, म्हणजे तेच काम करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचं, नाव हमखास निघतं. त्याच्या जोडीला, विंडोज सर्व्हरचा खर्च टाळायचा म्हणून, सांबा या मोफत सॉफ्टवेअरचं ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन, म्हणजे सगळ्यांची लॉगिन खाती एका जागी ठेवणारी व्यवस्था.

दोन्हींचं परीक्षण इथे एकत्र केलं आहे, कारण प्रत्यक्षात ती एकत्रच बिघडतात. मत आधीच सांगून टाकतो. क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले सर्व्हर (त्यातला प्रत्येक सर्व्हर हा एक नोड), एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर नेण्याचं काम प्रॉक्समॉक्सने उत्तम बसवलं आहे. तीन नोडचं काम नीट तयारी असेल तर एका दिवसात होतं आणि वापरणाऱ्यांना कळतही नाही. घोळ होतो तो खात्यांचा : कोणाचा क्रमांक कोणत्या मशीनवर काय आहे, डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) कुठे चालतो, सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश खरोखर बंद झाला का. म्हणून आधी खाती सुधारा, मग क्लस्टरला हात लावा. उलट क्रमाने गेलात तर सोमवारी सकाळी सर्व्हर सुरू असतील आणि लॉगिन कोणालाच होणार नाही.

वेळापत्रकाबद्दल थोडं. प्रॉक्समॉक्स ९.० ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, ते डेबियन १३ या लिनक्सवर आधारलेलं आहे. आठव्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या ऑगस्ट २०२६ पर्यंतच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज सर्व्हर २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो. आणि नाशिककरांना वेगळं सांगायला नको, ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या काळात वाहतूक वळवलेली असणार, मुंबई-पुण्याहून येणारा पार्ट किंवा इंजिनिअर वेळेवर पोचेल याची खात्री नसणार. मोठं कोणतंही काम त्या दोन महिन्यांत ठेवू नका. एक जादा एसएसडी, एक पॉवर सप्लाय आणि जुळणाऱ्या रॅमची एक जोडी आधीच कपाटात असू द्या.

क्लस्टर : काय चांगलं, कुठे अडतं

प्रॉक्समॉक्सचा क्लस्टर बहुमतावर चालतो. तीन नोड असतील तर दोन जिवंत हवेत, पाच असतील तर तीन. दोनच नोड असतील तर तिसरं मत देणारा क्यूडिव्हाइस लागतो, तो एखाद्या साध्या छोट्या लिनक्स मशीनवरही चालतो, फक्त ते मशीन क्लस्टरच्या बाहेर हवं. अपग्रेडच्या वेळी एक नोड खाली जातो, म्हणजे तीनपैकी उरलेल्या दोघांना काहीही होऊन चालत नाही. तेवढ्या तासांत लाइट गेली आणि दुसरा नोड बसला, तर तिसरा नोड एकटा असल्यामुळे काहीच सुरू करणार नाही. म्हणून त्या दिवशी महावितरणचा देखभालीचा शटडाऊन आहे का ते आधी पाहा, आणि जनरेटरचं डिझेलही.

इथे एका गोष्टीकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं : नेटवर्क स्विच यूपीएसवर नसतो. सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात, स्विच मात्र जनरेटर येईपर्यंत बंद. नोडना एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही, आणि हाय ॲव्हेलेबिलिटी (नोड बसला तर त्याची मशीन आपोआप दुसऱ्यावर सुरू करणारी सोय) चालू असेल तर साधारण एका मिनिटात प्रत्येक नोड स्वतःहून रीस्टार्ट होतो. वॉचडॉग या पहारेकरी यंत्रणेचं कामच ते आहे. लाइट दहा सेकंद गेली तर निभावतं, स्विच सुरू व्हायला दीड मिनिट लागला की सगळे नोड एकदम पडतात. उपाय स्वस्त आहे : कोरोसिंकसाठी (नोडना एकमेकांशी बोलतं ठेवणारा प्रोग्राम) एक गिगाबिटचा वेगळा साधा स्विच, तो यूपीएसवर, आणि मुख्य नेटवर्क ही दुसरी जोडवाट. कोरोसिंकला बँडविड्थ फार लागत नाही, पण विलंब कमी लागतो, पाच मिलिसेकंदांच्या आत. बॅकअपची वाहतूक त्याच तारेवरून नेली तर रात्री दोनला क्लस्टर तुटल्याचे संदेश येऊ लागतात. स्विचचं फर्मवेअर बदलायचं असेल तर त्याआधी हाय ॲव्हेलेबिलिटीच्या सेवा थांबवा.

मेमरीचा हिशेब आधी कागदावर करा. तीन नोड प्रत्येकी १२८ जीबी असतील तर वापरायची मेमरी ३८४ नाही, २५६ च्या आतली आहे, आणि त्यातूनही झेडएफएस या डिस्क-व्यवस्थेच्या कॅशेचा (डेटा हाताशी ठेवायला घेतलेल्या मेमरीचा) वाटा वजा करायचा. नव्याने बसवलेल्या सिस्टिमवर हा कॅशे मेमरीच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त १६ जीबी इतकाच धरला जातो. पण ८.१ च्या आधी बसवून वर आणलेल्या नोडवर जुनी मर्यादा, म्हणजे अर्धी मेमरी, तशीच राहते. एक नोड रिकामा करताना दुसरा गुदमरतो तो यामुळे.

आता प्रत्यक्ष अपग्रेड. सगळे नोड आधी ८.४ च्या ताज्या पॅचवर आणायचे. सेफ (Ceph, सगळ्या नोडच्या डिस्क मिळून एक साठा करणारी व्यवस्था) स्टोरेज वापरत असाल तर ती आधी १९.२ म्हणजे स्क्विड आवृत्तीवर न्यायची, हे आठव्या आवृत्तीत असतानाच. मग प्रत्येक नोडवर आठ-ते-नऊ तपासणीची स्क्रिप्ट पूर्ण पर्यायासह चालवायची. ही स्क्रिप्ट या उत्पादनाची सर्वांत कौतुकास्पद गोष्ट आहे. ती स्वतः काही बदलत नाही, फक्त काय अडेल ते स्पष्ट शब्दांत सांगते, आणि कितीही वेळा चालवता येते. पिवळ्या सूचना वाचून ठरवा, लाल असेल तिथे थांबा. त्यात बऱ्याच जुन्या नोडवर ‘सिस्टिमडी-बूट’ नावाचं पॅकेज काढून टाकायची सूचना येते. ती पाळली नाही तर अपग्रेडमध्येच बूटलोडरवर (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामवर) अडकता.

नोड रिकामा करायला त्याला मेंटेनन्स मोडमध्ये टाकतात. लक्षात ठेवा, या मोडमुळे फक्त हाय ॲव्हेलेबिलिटीखालची मशीन आपोआप दुसरीकडे जातात, बाकीची हाताने हलवावी लागतात. चालू मशीन जुन्या नोडवरून नव्या नोडवर नेणं चालतं. नव्यावरून जुन्यावर परत येईलच याची हमी नाही. म्हणून क्लस्टर अर्धा आठवर आणि अर्धा नऊवर असा आठवडाभर ठेवू नये. काही कारखान्यांत पहिला नोड नवा करून ‘बघू या’ म्हणून महिना काढतात. त्यात काहीच सुरक्षित नाही.

रिपॉझिटरीचं (पॅकेज जिथून येतात त्या साठ्याचं) नाव बुकवर्मचं (डेबियन १२) ट्रिक्सी (डेबियन १३) करायचं, याद्या ताज्या करायच्या आणि पूर्ण अपग्रेड चालवायचं. हे वेब पानावरच्या शेलमधून करू नका. अपग्रेड होताना ती सेवा स्वतः रीस्टार्ट होते आणि काम अर्ध्यावर तुटतं. एसएसएचने (दुरून लॉगिन) आणि त्यात टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं साधन), किंवा थेट सर्व्हरच्या आयपीएमआय कन्सोलवरून (सर्व्हरचा पडदा दुरून दाखवणारी सोय) करा. रूट डिस्कवर किमान ५ जीबी, शक्यतो १० जीबी मोकळी हवी. मध्येच काही कॉन्फिगरेशन फाइलींबद्दल विचारणा होते. एलव्हीएमची (डिस्कच्या वाटण्यांची) फाइल नवी घ्यावी. ग्रब या बूटलोडरची आणि एसएसएचची, तुम्ही स्वतः त्यात बदल केले असतील तर आधी फरक पाहावा. काहीही न वाचता सगळ्याच नव्या फाइली घेत गेलं की पुढे एसएसएच लॉगिनच बंद झाल्याचं कळू शकतं.

रीबूट झाल्यावर नोड नेटवर्कवर दिसतच नाही, ही सर्वांत वारंवार येणारी अडचण. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) नेटवर्क कार्डांची नावं वेगळी देऊ शकतो आणि ब्रिजच्या (मशीनना नेटवर्कशी जोडणारा दुवा) फाइलमध्ये मात्र जुनं नाव असतं. नव्या आवृत्तीत नावं पक्की करून ठेवणारं साधन दिलं आहे. तरी पहिल्या नोडच्या वेळी कन्सोल किंवा प्रत्यक्ष मॉनिटर-कीबोर्ड जवळ हवाच. दुसरी अडचण गुपचूप येते : डेबियन १३ मध्ये सिस्टिम सुरू होताना जुनी सिसकंट्रोलची (कर्नलच्या सेटिंगची) मुख्य फाइल वाचली जात नाही. त्यात मेमरीचे किंवा नेटवर्कचे बदल लिहिले असतील तर ते त्याच नावाच्या उपफोल्डरमध्ये हलवावे लागतात. तिसरी, सेंटओएस ७ किंवा उबंटू १६.०४ चे कंटेनर (नोडचाच कर्नल वापरणारी हलकी मशीन) नवव्या आवृत्तीत चालतच नाहीत, कारण सीपीयू-मेमरी वाटून देणारी जुनी सीग्रुप पद्धत काढून टाकली आहे. जुना ईआरपी अशा कंटेनरमध्ये असेल तर तो आधी पूर्ण व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवा. पूर्ण मशीनला हा नियम लागू नाही. ग्लस्टरएफएस या स्टोरेजचा आधारही काढला आहे.

मशीनच्या सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ ठेवला असेल आणि तिन्ही सर्व्हर वेगवेगळ्या पिढीचे असतील, तर चालू मशीन हलवताना ती गोठते. मिश्र हार्डवेअरवर एक्स८६-६४ चा व्ही२ एईएस हा प्रकार ठेवा, वेगात पडणारा फरक टॅली-ईआरपीला जाणवत नाही.

नाशिकच्या टूल रूमसाठी खास अडचण म्हणजे कॅड-कॅमचे यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली). ज्या नोडला डोंगल टोचलं आहे, तिथेच ते मशीन बांधलं जातं. चालू असताना ते हलत नाही. इथे डोंगल नेटवर्कवरून देणारं छोटं उपकरण घेणं हा एकच टिकाऊ मार्ग आहे, आणि ते उपकरणही यूपीएसवर. हार्डवेअरशी बांधलेली इतर लायसन्सही अशीच नाजूक असतात. बॅकअपमधून मशीन परत आणताना ‘युनिक’ची खूण केली तर नेटवर्क कार्डाचा पत्ता बदलतो आणि सॉफ्टवेअरला वाटतं आपण नव्या संगणकावर आलो. मूळ मशीनच्या जागी आणत असाल तर ती खूण करू नका.

नवव्या आवृत्तीत हाय ॲव्हेलेबिलिटीचे जुने गट जाऊन नियम आले. सगळे नोड नवे झाले की गटांचं रूपांतर आपोआप होतं, एक जरी जुना राहिला तरी होत नाही. या नियमांमुळे दोन मशीन कधीही एका नोडवर ठेवू नयेत असं सांगता येतं. बरीच वर्षं उणीव असलेली ही गोष्ट आता आली याचं मनापासून समाधान आहे. मेमरीचा आकडा मात्र आता शंभर टक्क्यांच्या वर दिसू शकतो, कारण मशीनसाठी होस्टला लागणारी जादा मेमरीही त्यात धरतात. घाबरू नका.

स्टोरेजबाबत थोडक्यात : सेफला किमान तीन नोड, दहा गिगाबिटचं नेटवर्क आणि वीज गेल्यावरही लिहिलेलं टिकवणाऱ्या एंटरप्राइझ एसएसडी लागतात. दुकानातल्या साध्या एसएसडीवर ती रडते. साठ-सत्तर संगणकांच्या कारखान्याला झेडएफएस आणि दर पंधरा मिनिटांचं रेप्लिकेशन (दुसऱ्या नोडवर नक्कल) पुरतं, फक्त नोड बसला तर शेवटच्या पंधरा मिनिटांचं काम जाईल हे मालकांना आधी लेखी सांगून ठेवा.

खाती : खरं काम इथे आहे

सांबा ४ पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर होऊ शकतो, हे २०१२ च्या अखेरीपासून. विंडोज ११ प्रो तिला सहज जोडलं जातं, ग्रुप पॉलिसी (सगळ्या संगणकांना एका जागेवरून लावायचे नियम) लागू होतात, आणि मायक्रोसॉफ्टची मोफत व्यवस्थापन साधनं एखाद्या विंडोज प्रो संगणकावर टाकून तिथूनच वापरकर्ते तयार करता येतात. रोजचं काम करणाऱ्या ॲडमिनला मागे सांबा आहे हे जाणवतही नाही. डोमेनच्या लॉगिनसाठी माणशी लायसन्स लागत नाही, हा मोठा फायदा.

मर्यादा खऱ्या आहेत. पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट-साधनाची ॲक्टिव्ह डिरेक्टरीची मॉड्यूल सांबावर चालत नाही, कारण तिला लागणारी वेब सेवा सांबात नाही. इंटरनेटवरून उचललेल्या स्क्रिप्ट म्हणून बंद पडतात. ग्रुप पॉलिसीच्या फाइलींचा फोल्डर, सिसव्हॉल, एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही. तो आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने एकाच दिशेने न्यावा लागतो. म्हणून पॉलिसी नेहमी पीडीसी (मुख्य कंट्रोलर) भूमिका असलेल्या कंट्रोलरवरच बदलायची. दुसऱ्यावर बदलली तर पुढच्या सिंकला ती पुसली जाते. आणि पहिल्यांदा सिसव्हॉल नेण्याआधी आयडीमॅपची (खात्यांचे क्रमांक जुळवणारी) डेटाबेस फाइल पहिल्या कंट्रोलरवरून दुसऱ्यावर न्यावी लागते. ती नेली नाही तर अंगभूत गटांचे क्रमांक दोन्हीकडे वेगळे पडतात, आणि अर्ध्या संगणकांवर पॉलिसी लागते, अर्ध्यांवर नाही. या एका चुकीने लोकांचे दिवस जातात, कारण दोष कायम ‘नेटवर्कमध्ये’ शोधला जातो.

डोमेनच्या नावाला शेवटी ‘लोकल’ लावू नका. मॅक आणि बरीच लिनक्स मशीन ते नाव मल्टिकास्टने (नेटवर्कवर सगळ्यांना एकदम विचारून) शोधतात आणि लॉगिन कधी होतं, कधी होत नाही. कंपनीचं स्वतःचं वेब डोमेन असेल तर त्याखाली एक उपनाव घ्या. लॉगिनची नावं कर्मचारी क्रमांकावरून ठेवा. ज्ञानेश्वर, लक्ष्मण, वैशाली यांची रोमन स्पेलिंग चार जण चार तऱ्हांनी लिहितात, आणि एका कारखान्यात तीन संदीप पाटील असणं काही नवल नाही. नावाची मर्यादा वीस अक्षरांची आहे हेही ध्यानात असू द्या.

आता मिश्र प्लॅटफॉर्मचा गाभा. विंडोज माणसाला एसआयडीने (डोमेनने दिलेल्या ओळख-क्रमांकाने) ओळखतो, लिनक्स एका आकड्याने. तो आकडा कोण ठरवणार, यावर सगळं अवलंबून आहे. लिनक्सला डोमेनशी जोडणारी साधनं दोन : एसएसएसडी एसआयडीवरून स्वतःच्या सूत्राने आकडा काढतं, विनबाइंड वेगळ्या सूत्राने. डिझाइनच्या वर्कस्टेशनवर एसएसएसडी आणि फाइल सर्व्हरवर विनबाइंड असेल, तर एकाच माणसाचे दोन आकडे होतात. सांबा शेअरवरून फाइल उघडते, एनएफएस या लिनक्सच्या फाइल-वाटप पद्धतीने उघडली की मालक कोणीतरी अनोळखी क्रमांक. लोक मग वैतागून सर्वांना पूर्ण परवानगी देऊन टाकतात, आणि ड्रॉइंगच्या फोल्डरची सुरक्षा तिथेच संपते. सुटका एकच : आकडा डिरेक्टरीतच, प्रत्येक खात्याच्या युनिक्स गुणधर्मात लिहायचा, आणि एसएसएसडी व विनबाइंड दोघांनाही तोच वाचायला लावायचं. उदाहरणार्थ माणसांना १०,००० पासून पुढे, गटांना ५०,००० पासून पुढे. हे डोमेन बसवताना केलं तर तासाचं काम आहे. दोन वर्षांनी केलं तर लाखो फाइलींचे मालक बदलत बसावं लागतं, तेही सुट्टीच्या दिवशी. जुना आकडा आणि नवा आकडा यांची यादी करून, आधी वाचून, मग स्क्रिप्टने मालकी बदला. एसएसएसडीचा कॅशे रिकामा करायला विसरू नका, नाहीतर दीड तास तो जुनेच आकडे सांगत राहतो.

घड्याळ हा दुसरा नेहमीचा गुन्हेगार. केर्बेरॉस ही डोमेनची लॉगिन-पडताळणी पाच मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही. व्हर्च्युअल मशीन थांबवून परत सुरू केली, नोडची मदरबोर्ड बॅटरी संपली, की ‘पासवर्ड चुकीचा’ असा भलताच संदेश येतो. नोड बाहेरच्या वेळ-सर्व्हरकडून वेळ घेतील, कंट्रोलर क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामने घेतील, आणि बाकी सगळे कंट्रोलरकडून, अशी रचना ठेवा.

संगणक खरेदीतली एक चूक नाशिकमध्ये फार दिसते. घरगुती वापराचे लॅपटॉप स्वस्त मिळतात म्हणून वीस-पंचवीस घेतले जातात आणि त्यांत विंडोजची होम आवृत्ती असते. होम डोमेनला जोडलीच जात नाही. प्रो करायला प्रत्येकी पुन्हा पैसे. खरेदी ऑर्डरवर ‘प्रो’ हा शब्द लिहून घ्या. विंडोज नव्याने टाकून त्याच नावाने डोमेनला जोडताना ‘याच नावाचं खातं आहे, पुनर्वापर धोरणाने रोखला आहे’ असा नकार आला तर दचकू नका. ऑक्टोबर २०२२ पासून विंडोजने हा नियम घट्ट केला आहे. ज्या खात्याने ते नाव पहिल्यांदा जोडलं त्यानेच जोडावं, किंवा जुनं संगणक-खातं आधी काढावं. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक लॉगिनने संगणक जोडण्यापेक्षा त्यासाठी एक वेगळं खातं ठेवलं की हा प्रश्न उरत नाही.

मॅक डोमेनला बांधता येतात. आम्ही मात्र ते सुचवत नाही. पासवर्ड बदलला की कीचेन (मॅकची पासवर्डची तिजोरी) जुनाच मागते, डिस्क एन्क्रिप्शनचा पासवर्ड तिसराच राहतो. दोन-चार मॅक असतील तर स्थानिक खातं ठेवा आणि शेअर उघडताना डोमेनचं नाव-पासवर्ड द्या. सीएनसीशेजारचे जुने पीसी एसएमबी १ या जुन्या फाइल-वाटप पद्धतीवरच बोलतात, आणि सांबा ४.११ पासून ती मुळातच बंद असते. त्यांच्यासाठी मुख्य सर्व्हरवर ती चालू करणं म्हणजे सगळ्या कारखान्याचं दार उघडं टाकणं. वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा निराळा केलेला भाग), त्यात एक छोटा, डोमेनबाहेरचा फाइल सर्व्हर, फक्त प्रोग्रामच्या फाइली, आणि मुख्य सर्व्हरवरून त्याकडे एकाच दिशेने नक्कल. एवढं पुरतं.

माणूस सोडून गेला की त्याचं खातं पुसू नका, बंद करा. पुसलं की एसआयडी कायमचा जातो, फाइलींवर नुसता क्रमांक उरतो, आणि तोच माणूस सहा महिन्यांनी कंत्राटावर परत आला तर नवं खातं जुन्या फाइली ओळखत नाही. पण बंद करणं पुरेसं नाही, हे ठासून सांगावंसं वाटतं. आधी मिळालेलं केर्बेरॉस तिकीट दहा तास चालतं. आणि लिनक्स सर्व्हरवर प्रवेशाचा नियम ‘सिंपल’ ठेवला असेल तर तो फक्त नावांची यादी पाहतो, खातं बंद आहे का हे विचारत नाही. त्या माणसाची एसएसएच किल्ली तिथे असेल तर तो घरबसल्या आत येतो. लिनक्सला डोमेनला जोडणाऱ्या रीलम साधनाने ‘फक्त या गटाला परवानगी’ असं सांगितलं की हा नियम न सांगता ‘सिंपल’ होतो. तो ‘एडी’ करून गटाची अट गाळणीत लिहा, आणि खातं बंद करताना किल्ल्यांच्या फाइली, व्हीपीएन आणि शिफ्टचे सामायिक पासवर्ड हेही त्याच दिवशी बदला.

दोन्ही जिथे भेटतात तिथे

प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या लॉगिनला ॲक्टिव्ह डिरेक्टरी जोडता येते आणि गट ठरलेल्या वेळी आपोआप सिंक होतात. सोय छान आहे. पण डोमेन कंट्रोलर त्याच क्लस्टरवर व्हर्च्युअल मशीन असेल आणि क्लस्टर पडला, तर तो उभा करायला लॉगिन लागतं आणि लॉगिनला कंट्रोलर. म्हणून प्रॉक्समॉक्सच्या अंतर्गत यादीत एक ॲडमिन आणि प्रत्येक नोडचा रूट पासवर्ड वेगळा लिहून ठेवा. अंतर्गत यादी सगळ्या नोडवर सामायिक असते, लिनक्सची खाती मात्र प्रत्येक नोडवर निराळी. एका नोडवर रूट पासवर्ड बदलला म्हणजे तिन्हींवर बदलला, हा समज चुकीचा आहे. नोडना नावं शोधण्यासाठीही एकट्या कंट्रोलरवर अवलंबून ठेवू नका. क्लस्टरमधल्या नोडचे पत्ते प्रत्येकाच्या होस्ट फाइलमध्ये हवेत.

कंट्रोलर दोन ठेवा, दोन वेगळ्या नोडवर, स्थानिक डिस्कवर, हाय ॲव्हेलेबिलिटीच्या बाहेर. त्यांचं आपापसांतलं रेप्लिकेशन आधीच आहे, वरून दुसरं लागत नाही. शिवाय हाय ॲव्हेलेबिलिटीखालची मशीन सुरू होण्याचा ठरवून दिलेला क्रम पाळत नाहीत. बाहेर ठेवलेल्या कंट्रोलरला पहिला क्रमांक आणि नव्वद सेकंदांचा विसावा देता येतो, म्हणजे ईआरपी उठेपर्यंत डोमेन तयार असतं. कंट्रोलरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेऊन मागे जाणं मात्र टाळाच. दुसरा कंट्रोलर पुढे गेलेला असतो आणि दोघांचे हिशेब कधीच जुळत नाहीत. सांबाच्या स्वतःच्या ऑनलाइन बॅकअपची आज्ञा रोज रात्री चालवा.

कंट्रोलरची आवृत्ती वाढवताना तो जागच्या जागी वर नेण्यापेक्षा नवा जोडणं चांगलं. डेबियन १२ मध्ये सांबा ४.१७ आहे, १३ मध्ये ४.२२. नवं डेबियन १३ मशीन घ्या, कंट्रोलरचं वेगळं झालेलं पॅकेज टाका. ट्रिक्सीत ते मुख्य सांबा पॅकेजमधून निराळं केलं आहे, आणि जागच्या जागी अपग्रेड करणारे इथेच फसतात. डोमेनला जोडा, रेप्लिकेशन दोन्ही दिशांना शून्य चुका दाखवतंय ते पाहा, डेटाबेसची तपासणी चालवा, भूमिका हलवा, डीएचसीपीत (संगणकांना नेटवर्कचे पत्ते देणाऱ्या सेवेत) नव्या कंट्रोलरचा पत्ता नाव-सर्व्हर म्हणून टाका आणि दोन दिवस थांबून मग जुना रीतसर काढा. नुसता बंद करून डिस्क पुसली तर त्याची भुतं नाव-सर्व्हरमध्ये राहतात आणि लॉगिन अधूनमधून अर्धा मिनिट अडकतं. हे सगळं क्लस्टरच्या अपग्रेडच्या किमान आठवडाभर आधी झालेलं असावं.

खर्च आणि आधार

प्रॉक्समॉक्स फुकट वापरता येतं. वर्गणी प्रत्येक सीपीयू सॉकेटमागे वार्षिक असते आणि तिच्यामुळे जास्त पारखलेली एंटरप्राइझ रिपॉझिटरी मिळते. सर्वांत स्वस्त श्रेणीत तिकीट टाकण्याची सोय नाही. उत्पादन ज्यावर चालतं त्या सर्व्हरना तरी वर्गणी घ्या, असं आमचं ठाम मत आहे. वर्गणी घेणं परवडतच नसेल तर आधी एका फुटकळ मशीनवर पॅच चालवून पाहून मगच क्लस्टरवर टाका. प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नाची कंपनी, त्यामुळे तिचा आधार व्हिएन्नाच्या कामाच्या वेळेत, म्हणजे आपल्याकडे साधारण दुपारपासून रात्रीपर्यंत आणि फक्त कामाच्या दिवशी. रविवारी अपग्रेड करणाऱ्याला त्या दिवशी तिथून कोणी उत्तर देणार नाही. पहिला नोड शुक्रवारी दुपारी, रिकामा करून करा. काही अडलं तर विचारायला माणूस असतो.

ज्यांना एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा ईमेल सर्व्हर) हवं, पॉवरशेलवर सगळं चालवायचं आहे, किंवा ईआरपी पुरवणारा ‘मायक्रोसॉफ्टचंच डोमेन हवं’ म्हणून लेखी मागतो, त्यांनी सांबाच्या मागे लागू नये, विंडोज सर्व्हरचे दोन कंट्रोलर याच प्रॉक्समॉक्सवर चालवावेत. तेव्हा लायसन्सचा हिशेब नीट करा. स्टँडर्ड आवृत्ती प्रत्येक सर्व्हरला किमान सोळा कोअरची घ्यावी लागते आणि त्यात दोन विंडोज मशीन येतात. मशीन तिन्ही नोडवर फिरणार असेल तर तिन्ही नोडचे सगळे कोअर लायसन्स केलेले हवेत, कारण एका सर्व्हरचं लायसन्स दुसऱ्याला नव्वद दिवसांच्या आत हलवता येत नाही. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये बहुधा एकाच सर्व्हरचा आकडा असतो. सही करण्याआधी ‘क्लस्टरमधल्या तिन्ही नोडसाठी’ असं त्याच्याकडून लिहून घ्या.